कोठीमागचा जोड

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

छकुलीचं टेबल आज आतल्या खोलीत हलवलं. पोरगी नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. बाहेरच्या खोलीत कानाला ते डबडं लावून ती दिवसभर परक्या माणसांशी बोलते, आणि समोरच्या ओट्यावरून अर्धा केदारखेडा बघतो! रविवारी अंकुशनगरचे पाहुणे तिला बघायला येणार. त्यांच्यापुढे हा तमाशा नको.

नेटची डबी बाहेरच्या भिंतीवर, वायर आखूड. नेटवाला कल्याण म्हणाला, परवा येतो, नवी वायर टाकतो. कशाला थांबायचं? तीस वर्षं विहिरीतल्या जळक्या मोटारींत तांब्याची तार भरली मी. वायर मधोमध कापली, घरातला तसल्याच वायरीचा जुना तुकडा घातला. आत आठ बारीक तारा, दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या. सगळे पीळ उकलून हातभर सरळ केल्या, रंगाला रंग जोडला, वर टेप. लाइटच्याच पाइपातून ओढून धान्याच्या कोठीमागून नेली. नेट लगेच लागलं! बायको म्हणाली, "हात अजून चालतो तुमचा."

६ नोव्हेंबर

छकुली म्हणते, नेट फार हळू झालंय. समोरच्या माणसाचं तोंड आधी हलतं, आवाज मागून येतो. मी म्हणालो, डबी बंद करून चालू कर. केली. तेच.

९ नोव्हेंबर, रविवार

पाहुणे येऊन गेले. मुलगा कारखान्यात आहे. पसंती कळवली त्यांनी. छकुली कपबश्या उचलून आत गेली.

आमचं आधीच ठरलंय. पुण्याच्या कंपनीनं तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलंय — घरी बसून ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या. नोव्हेंबरअखेर कळेल, कायम करतात की नाही. कायम झाली तर लग्नाचं दोन वर्षं काढायचं नाही. नाही झाली तर अंकुशनगरला हो. हे मीच तिच्याकडून कबूल करून घेतलं.

१३ नोव्हेंबर

मोबाइलवर नेट वाऱ्यासारखं, कॉम्प्युटरवर बैलगाडी! मोबाइलवर काम चालत नाही, कंपनीला वायरचंच नेट लागतं. काल साहेबांनी तिला सुनावलं — "मॅडम, तीन ग्राहकांनी फोन ठेवून दिला." जेवली नाही. मी वर तिलाच बोललो. तूच काहीतरी नको ते दाबलं असशील म्हणालो.

१५ नोव्हेंबर

कल्याण आला. स्वतःचा लॅपटॉप आखूड वायरीनं डबीला लावून वेग मोजला — पंच्याण्णव. आत कॉम्प्युटरवर — तीन! डोकं खाजवत बसला.

"काका, मधे कुठं वायर कापली-जोडली का?"

"बिलकुल न्हाई, सलग नवी वायर हाय," मी म्हणालो.

का म्हणालो? माझ्या जोडावर आजवर कुणी बोट ठेवलं नाही. ह्या कालच्या पोरासमोर तो दाखवायचा, आणि त्यानं तपासायचा! छकुली दारातच उभी होती. मग आत वळली.

"मंग कॉम्प्युटरच खराब हाय," म्हणाला आणि गेला.

१९ नोव्हेंबर

दोन दिवस ती कॉम्प्युटर पुसून नव्यानं सगळं भरत बसली. काल जालन्याला नेऊन वायर लागते तो भाग बदलून आणला. उपयोग शून्य. इतकं करते आहे, पण तोंडातून एक शब्द नाही. पूर्वी भांडायची तरी.

खोटं कशाला लिहू? नोकरी जाणार असं दिसतंय, आणि मला आतून थोडं बरं वाटलं. लग्न होऊन पोरगी ठिकाणी लागेल.

२८ नोव्हेंबर

गेली नोकरी. कॉम्प्युटरवरच कळवलं. तेही अडकत अडकत ऐकावं लागलं तिला. बाहेर येऊन एवढंच म्हणाली — "अंकुशनगरला सांगा, हो म्हणून." मला बरं वाटेल असं वाटलं होतं. बिलकुल नाही वाटलं.

२ डिसेंबर

टेबल परत बाहेर आणलं. आता काय, कुणी बघितलं तर बघितलं. डबी शेजारीच, कल्याण त्या दिवशी सोडून गेलेली आखूड वायर लावली. नेटचा वेग मोजायचा, छकुलीनं शिकवलेला तो काटा त्याच कॉम्प्युटरवर लावून पाहिला. चौऱ्याण्णव!

म्हणजे कॉम्प्युटर चांगला, खोट माझ्या जोडात. मग कोठी सरकवली, टेप सोडला, कल्याणला बोलावलं. जोड बघून त्यानं हात जोडले. "काका, हे मोटारीचं केबल न्हाई. ह्याच्यात जो पीळ असतोय त्याच्यावरच सगळं चालतंय. तुम्ही त्योच उकलला, अन् वरून लाइटच्या वायरीसंगं नेली! त्या दिवशी सांगितलं असतं तर धा मिनिटांचं काम व्हतं."

दहा मिनिटं! पोरीचे तीन आठवडे खाल्ले मी. स्वतःच्या हाताच्या घमेंडीपायी.

३ डिसेंबर

तिच्या साहेबांना फोन केला. चूक माझी, पोरीची नाही, म्हणालो. ते नीट बोलले. पण जागा भरली. अंकुशनगरला फोन करून थांबा म्हणालो. बायको चिडली — "एकदा दिलेला शब्द!" चिडू दे. छकुलीला मात्र अजून काही सांगितलेलं नाही.

५ डिसेंबर

सांगितलं. पोरीची माफी मागितली, जन्मात पहिल्यांदा. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"मला ठाव व्हतं, अण्णा. झाडताना दिसला व्हता जोड, पहिल्याच आठवड्यात. कल्याणपुढं तुम्ही न्हाई म्हनले, तवा मी म्हनलं, मुद्दामच केलं असंल अण्णांनी. तरी कॉम्प्युटरचाच दोष निघावा म्हनून बघितलं, न्हाई निघाला. मंग कशाला बोलायचं?"

मुद्दाम नाही केलं गं! रेणुकाईची शपथ घेतली.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "भाकर गरम हाय, खाऊन घ्या."