अंगुस्तानभर औषध

३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि तोंडातला घास तोंडातच राहिला. बाटलीचं मापाचं झाकण हरवलं म्हणून तू बाबांना झोपेचं औषध अंगुस्तानाने देतेस? अगं, शिवताना बोटात घालायची टोपी ती! आणि वर खुशाल लिहितेस, की हल्ली ते अगदी शांत असतात, हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत.

मी औषधांच्या दुकानात दिवसभर लोकांना थेंब मोजायला शिकवते आणि माझ्याच घरी हा कारभार! माझं अंगुस्तान मोजून पाहिलं, दोन मिली मावलं. शेजारणीच्यात तीन. तुझं तर अंगठ्याचं. डॉक्टरांनी अडीच लिहिलंय. सोबत बिनसुईची सिरिंज पाठवते. तिच्यातलं पाणी अंगुस्तानात सोड आणि काठापर्यंत किती लागलं ते लगेच कळव. इथे माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझी,
ताई


९ मार्च

चि. भित्रीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पिचकारी मिळाली. बाई गं, वेडच लागलं मला! अंगुस्तान झालं, मग मिठाचा चमचा, मशीनच्या तेलाच्या डबीचं झाकण, कोटाचं पोकळ बटणसुद्धा मोजलं. गिऱ्हाइकाचा कोट राहिला तसाच.

अंगुस्तानात साडेतीन मावतं. एवढ्याने काय आभाळ कोसळतंय? आणि मी काठावर थांबत नाही, पुन्हा अर्ध्यापर्यंत भरून आणखी थोडं देते. जन्म शिवणात गेला माझा. बेतताना जरा जास्तच धरावं, कमी पडलं की पंचाईत.

खरं सांगू? यांचं दाराची कडी काढून पळणं, मला ढकलणं, सगळं थांबलंय. कित्येक महिन्यांनी मला झोप लागतेय. ती तेवढी हिरावून घेऊ नकोस.

पोरांना पापा.

तुझी आई


१३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

ते "आणखी थोडं" धरलं तर पाचाच्या घरात जातं. दुप्पट! कापड जास्त झालं तर आत दुमडता येतं, पोटात गेलेलं औषध कुठे दुमडशील? पत्र हातातून खाली ठेव आणि आधी डॉक्टरांना बोलाव. आजच.

तुझे हाल मला दिसत नाहीत असं समजू नकोस. रजा मागितली आहे. मिळाली की येते आणि रात्री मी जागते. पण असे निपचित पडलेले बाबा मला नकोत गं. चिडलीस तरी चालेल, माया मात्र पातळ करू नकोस.

तुझी,
ताई


२२ मार्च

चि. भित्रीस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टर येऊन गेले. त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. आता औषध तुझ्या सिरिंजनेच देते, अडीचच्या रेघेपर्यंत, थेंबही जास्त नाही.

झालं तुझ्या मनासारखं! पुन्हा रात्रभर येरझारा. कपाटं उपसतात, माझी कात्री लपवतात. मला कुणी परकी बाई समजून, उशीर झाला, आता आपल्या घरी जा, म्हणतात. माझ्या डोळ्याला डोळा नाही. मनातल्या मनात तुझ्यावर चरफडते, खोटं कशाला बोलू? रजेचं काय झालं? लवकर ये, मी पार थकले आहे.

काल संध्याकाळी मशीनवर बसले होते. मागून यांनी मला नावाने हाक मारली. नुसती नावाने, पूर्वी मारायचे तशी. मी मुद्दाम ओ दिली नाही.

मग त्यांनी पुन्हा हाक मारली.

तुझी आई