तुमच्या पेपरातली म्हैस

प्रिय दादा,

आज सकाळी कॉलेजच्या लायब्ररीत तुमचा फोटो लागला. खिळा मीच ठोकला, हार मीच घातला, आणि घरी येऊन जेवायला बसलो तर घास गिळेना. दुःखानं म्हणाल तर नाही. जळफळाटानं! गेलेल्या भावावर कुणी जळतं का हो? मी जळतो. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, आता तरी हे संपेल असं वाटलं होतं. कसलं काय! म्हणून लिहायला बसलोय. दुसऱ्या कुणाला सांगू? वहिनींना सांगितलं तर त्या रडतील, आणि आमच्या घरात सांगितलं तर बायको हसेल.

प्राचार्यांनी भाषण केलं. म्हणाले, "त्यांची जागा कधीच भरून निघणार नाही." अहो, त्या जागेवर मी बसलो होतो! त्याच खुर्चीत, त्याच टेबलामागं, धडधडीत सगळ्यांसमोर! टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. न वाजवून जातो कुठं?

तुळजापुरात होतो तेव्हापासून हेच चाललंय. गल्लीत कुणीही भेटलं की विचारायचं, "तू त्याचा धाकटा ना?" मला नाव आहे हे लोकांना पत्रिकेतच कळलं असेल, माझ्या लग्नाच्या. आईच्या तोंडी तर आधी तुमचंच नाव यायचं, मग जीभ चावून माझं. साय तुमच्या वाटीत. आणि माझ्या वाट्याला काय, तर "दादाकडं बघ जरा!" बघतच राहिलो की जन्मभर.

तुमचं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून. माझं पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेल्यावर, मराठीतून. ग्रंथालयाचा कोर्स मी पुण्याला राहून केला, मेसचं पाणचट वरण खाऊन. तुम्ही साधे कारकून. कॉलेज निघालं तेव्हा पुस्तकांची खोकी उतरवून घ्यायला एक माणूस हवा होता, म्हणून तुम्हाला तिथं बसवलं, ते बसलातच! आणि पुस्तकं लावलीत कशी? उजवीकडून डावीकडं! उर्दू लिहिणाऱ्या हाताला तेच सरळ वाटलं असणार. पहिला खंड उजव्या टोकाला, शेवटचा डाव्या. तुमच्यामागं तुमच्या जागी मी रुजू झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत एकट्यानं सगळी कपाटं रीतसर डावीकडून लावली. कंबर धरली. तर पोरं अजून उजव्या टोकालाच हात घालतात, आणि पुस्तक सापडलं नाही की माझ्याकडं असं बघतात, जसं काही मीच ते घरी नेलंय. पोरं सोडा, प्राध्यापकसुद्धा!

बरं, तेही सोसलं. पण पेपर?

बाजाराच्या दिवशी लायब्ररी गावासाठी उघडी ठेवायची, ही तुमची टूम. बाजार करून माणसं परतीच्या एस.टी.ची वाट बघत आपल्या व्हरांड्यात सावलीला टेकायची, आणि सोलापूरहून आलेला पेपर तुम्ही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचात. मी आलो आणि 'शांतता राखा' अशी पाटी लावून ते बंद केलं. लायब्ररी आहे का चावडी? पण माणसं यायचीच. पिशव्या मांडीवर घेऊन बसायची, त्या पाटीकडं बघत. शेवटी प्राचार्य म्हणाले, "वाचत जा हो, त्यांची आठवण आहे ती." झालं! पुन्हा त्यांचीच!

वाचायला लागलो. स्वच्छ, खणखणीत, एक ओळ न गाळता. दादा, मराठी वाचन माझं तुमच्यापेक्षा चांगलं आहे, हे तरी मान्य करा. तुम्ही जोडाक्षर आलं की अडखळायचात. आणि तरी माझ्यापुढं ही माणसं जांभया देऊ लागली! एक दिवस तेर गावची कोंडाबाई, तुमच्या खुर्चीजवळ खांबाला टेकून बसायची ती म्हातारी, मला म्हणाली, "मास्तर, पेपर बदललाव का वो?"

"नाही. तोच आहे."

"न्हाय न्हाय. मोठ्या मास्तरांच्या पेपरात आमच्या तेरचं असायचं. माजी म्हस व्याली, ती आलती. परंड्याला दिलेली आमची पोर बाळंत झाली, त्ये बी आलतं. तुमच्या पेपरात नुस्ती दिल्लीच हाय."

जुने अंक आपल्याकडं आहेतच. बसून सगळे चाळले. पंतप्रधान होते, साखरेचे भाव होते, म्हैस कुठंच नव्हती. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादा, तुम्ही मनचं वाचत होतात! छापलेल्या बातम्यांच्या मधे यांच्या म्हशी आणि बाळंतपणं घुसडत होतात, तेही पेपरावरची नजर न हलवता!

काय आनंद झाला म्हणून सांगू! सापडले! आयुष्यात पहिल्यांदा आमचे दादा सापडले! त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मागच्या बाजारी जुन्या अंकांचा गठ्ठा घेऊनच व्हरांड्यात उभा राहिलो. पडसं झालं होतं, आवाज पार बसला होता, पण थांबतो कोण! म्हणालो, "हे अंक बघा. ज्याला वाचता येतं त्यानं वाचून बघा. यात कुणाची म्हैस नाही, कुणाची पोर नाही. दादा पदरचं सांगत होते. इतकी वर्षं तुम्हाला फसवलं त्यांनी."

मला वाटलं, आता कुणीतरी चिडेल. कोंडाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"अवं मास्तर, येडं समजायलाव का आमाला? म्हशीची बातमी कुठं कोण छापतंय व्हय? म्याच तर सांगायची त्यान्ला, हितं आल्या आल्या."

"म्हणजे माहीत असून ऐकत होता?"

"मग! चार गावचं माणूस हितं बसतंय. मोठ्यानं वाचलं की समद्यांस्नी कळतंय. पोर बाळंत झाली म्हणून मोठ्या मास्तरांनी वाचलं, तसा तिचा मामा हितनंच उठून परंड्याच्या गाडीत बसला. न्हायतर त्याला कोण सांगणार हुतं?" मग पदर सावरत म्हणाली, "आन् खरं सांगू का? दिल्लीच्या बगलंला आपलं नाव ऐकलं की लई बरं वाटायचं वो."

तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. त्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला एकट्याला! गठ्ठा कुठं लपवू असं झालं. बरं, कुणी लागेल असं बोललंही नाही. एक पागोटेवाला म्हातारा म्हणाला, "वाचा आता, गाडी यायला झाली." वाचत गेलो. शब्दागणिक आवाज फाटत होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, आणि राग नेमका कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तुमच्यावरच, दुसरं कुणावर?

वाचून झालं आणि कोंडाबाई जवळ आली. हळूच म्हणाली, "माजी एक बातमी ऱ्हायली."

"सांगा."

"ल्हान्या मास्तरांचा घसा बसलाय. तसंच वाचायलेत बिचारे. वाचा की! मोठ्यानं वाचा."

दादा, माझ्यासमोर साखरेचे भाव होते. त्यांच्याकडं बघत मी वाचलं, "लायब्ररीतल्या धाकट्या मास्तरांचा घसा बसला आहे."

कुणी हसलं नाही. पागोटेवाल्यानं विचारलं, "कवापासनं?" एका बाईनं बाजाराची पिशवी उपसली आणि ज्येष्ठमधाची काडी माझ्या हातावर ठेवली. कुणी म्हणालं, अडुळशाचा पाला आणतो पुढच्या खेपेला. आणि तुमचं नाव कुणी काढलं नाही. एकानंही नाही! मी ती काडी तोंडात धरून उभा होतो आणि डोळ्यांत पाणी येत होतं. पडसंच होतं म्हणा.

माझी बातमी आली, दादा! तुमची आली होती का कधी? स्वभावच जळका, राहवलं नाही. कोंडाबाईला मुद्दाम विचारलं, "मोठ्या मास्तरांची दिली होती का कुणी, अशी बातमी?"

ती विचारात पडली. म्हणाली, "न्हाय वो. त्ये समद्यांचं घ्यायचे. सोताचं कदी बोललेच न्हाईत. आजारी हाईत, त्ये बी आमाला ठावं नव्हतं. बाजाराला आलो, तर दार बंद."

घ्या! एवढ्या एका गोष्टीत मी तुमच्यावर मात केली, आणि तीही अशी निघाली.

का नाही सांगितलंत? छातीत कळा यायच्या, हे मला तुम्ही गेल्यावर वहिनींकडून कळलं. भाऊ ना मी तुमचा? तालुक्यातल्या म्हशींचं सगळं वाचून दाखवत होतात, आणि स्वतःचं तेवढं गाळत होतात! तुम्हाला काय वाटलं, कुणी गाडीत बसून येणार नाही? मी आलो असतो हो. भांडत आलो असतो, पण आलो असतो.

तुमच्यावर जळायचं सोडीन, असं वचन देत नाही. ते मला जमणार नाही. दुसरं देतो. येत्या बाजारी पहिली बातमी तुमची. तुमच्याच पद्धतीनं, पेपरावरची नजर न हलवता वाचीन. लिहून ठेवलीय, ऐका:

"कॉलेजच्या लायब्ररीतले मोठे मास्तर आजारी होते. त्यांच्या छातीत दुखत होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गेल्या वर्षी ते वारले. त्यांच्या मागं पत्नी आणि एक धाकटा भाऊ आहे. भावाला ही बातमी फार उशिरा कळली."

तुमचा,
वसंता