हेडफोन आला की चालायला सुरुवात

२२ जून, रविवार
निश्चय झाला. यंदा श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी करायची, हिच्याबरोबर. लग्न झाल्यापासून ही मागे लागली आहे. दर वर्षी मी म्हणायचो, गिरणी बंद ठेवून कसं चालेल, दळणाची रांग असते. आता गिरणी धनराज बघतो. पोराने बापाचं कारणच हिसकावून घेतलं. त्यात हिची फेरीची सोबतीण विठाबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी बसली आहे. ही म्हणाली, अहो, या वर्षी तुम्ही नाही आलात तर मी एकटी. आवाज असा काढला की हातातला चहा खाली ठेवून मी हो म्हणालो.
वीसेक किलोमीटर चालायचं, चिखलातून. सराव पाहिजे. उद्यापासून रोज पहाटे पाचला रामवाडीच्या पुलापर्यंत.

२३ जून, सकाळी ८
गेलो नाही. विचार केला, चालताना कानाला काय काम? गिरणी रिकामी फिरवली की दगडावर दगड घासतो. माणसाचंही तेच. कानात भजन पडत राहिलं की पाय आपोआप पडतात. नातीने, दिशाने, मागे मला तिचे ते बोंडाएवढे इअरबड दिले होते. त्यातला एक हरभऱ्याच्या डाळीत पडला, तो बेसनात सापडला. म्हणून आता मोठा, कानावर बसणारा हेडफोन घ्यायचा. आला की लगेच चालायला सुरुवात.

२६ जून
खाटेवर पडून यूट्यूबवर कसून अभ्यास. 'क्लोज्ड बॅक' म्हणजे मागून बंद. आतलं बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही. झाकणाचा डबा. 'ओपन बॅक' म्हणजे बिनझाकणाचा, पीठ उडणार. आपल्याला झाकणाचा.
आवाज 'वॉर्म' हवा. यूट्यूबवाले यावर तासभर बोलतात. मला एका क्षणात समजलं. नुकतं पडलेलं पीठ ओंजळीत घेतल्यावर जसं लागतं तसा आवाज. रवाळ नाही, टोचत नाही. दिशाला सांगितलं. म्हणाली, आजोबा, हे तर रिव्ह्यूवाल्यांपेक्षा भारी आहे. मग म्हणाली, पण चाललात किती? नव्या पिढीला पूर्वतयारी हा प्रकारच माहीत नाही.
ही पुलापर्यंत जाऊन आली.

४ जुलै
एम. जी. रोडवर पाच दुकानं पालथी घातली. वस्तू टिकणार की नाही ते बिजागरीवरून ओळखावं. दार आधी तिथेच निखळतं. एका हेडफोनची बिजागरी उघडली, मिटली, उघडली, मिटली. हातात आली. मी म्हणालो, बरं झालं, घ्यायच्या आधीच कळलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, काका, हे ऐकायला असतं, दळायला नाही. जास्त वाद घातला नाही. रिक्षाने घरी आलो. चालत येणार होतो, पण सराव सुरू व्हायच्या आधी पाय वापरून टाकण्यात अर्थ नाही.

१२ जुलै
ऑनलाइन मागवलेला आला. दिसायला देखणा. फेरीत चिखलात पडणार, दगडावर आपटणार, म्हणून आधी माळ्यावरून खाली टाकून पाहिला. उजवा कान गेला. (हेडफोनचा.) परत पाठवताना कारण लिहावं लागतं. दिशा म्हणाली, 'माळ्यावरून टाकला' असं मी मुळीच लिहिणार नाही. शेवटी पाठवलाच नाही.
ही स्वयंपाकघरातून म्हणाली, मला बघायला आला होतात तेव्हा आमच्याकडे माळा नव्हता, नशीब माझं.

२० जुलै
मिळाला! पोलादी पट्टी, धातूची बिजागरी, कानाच्या गाद्या बदलता येतात, वायर तुटली तर वेगळी घेता येते. घडी होऊन पिशवीत बसतो. हा खाटेवरूनच टाकून पाहिला. अनुभव माणसाला शिकवतो.
क्लोज्ड बॅकची परीक्षा घ्यायला खाली गिरणीत गेलो. धनराजला दोन्ही चक्क्या चालू करायला लावल्या आणि भजन लावलं. काय सांगू! चक्की दिसते, ऐकू येत नाही. धनराज माझ्याकडे बघून तोंड हलवत होता, तेही ऐकू येईना. शंभर टक्के पास. मदत म्हणून एक डबाही चक्कीत ओतला. धनराज नेमकं हेच ओरडत होता की बाबा, ज्वारी चालू आहे, त्यात गहू ओतू नका. गिऱ्हाईक जरा चिडलं. मी समजावलं, मिश्र पिठाची भाकरी मऊ होते.
उद्या पहाटे पाच.

२१ जुलै
थांबावं लागणार. यूट्यूबवर एक जण सांगतो, नवा हेडफोन आधी रुळवावा लागतो, बरेच दिवस नुसता वाजवत ठेवायचा, मग आवाज मोकळा होतो. मला एकदम पटलं. चक्कीच्या दगडाला छिन्नीने नवीन टाकी लावली की आपण पहिलं दळण गिऱ्हाइकाला देतो का? आधी भरड काढतो, दगडाची कच निघून जाऊ देतो. दिशा म्हणाली, असं काही नसतं आजोबा, उगीच सांगतात. तिने कधी दगडाला टाकी लावली आहे?
रोज दुपारी जेवून खाटेवर दोन तास रुळवणे. डोळे मिटून रुळवलं की लवकर रुळतो.

२९ जुलै
रुळवणे चालू. आज तीन तास. मध्ये हिने अंगावर चादर टाकली.
ही हल्ली थेट सोमेश्वरपर्यंत जाऊन येते. येताना जास्वंद आणते. आधी रोज विचारायची, येताय का? आता विचारत नाही. माझ्या तयारीवर विश्वास बसला असावा.

९ ऑगस्ट
आज चाललो! हेडफोन लावून चौकापर्यंत. पाय उत्तम, दम उत्तम. घामाने गादी ओली होईल म्हणून परत फिरलो. आवाज काय उबदार झालाय! म्हणजे रुळवल्याचा उपयोग झाला. उद्या पूर्ण विश्रांती. मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी बैलालाही कोणी जुंपत नाही.

११ ऑगस्ट, तिसरा सोमवार. संध्याकाळ
पहाटेची एसटी पकडली. कुशावर्तावर पाय धुतले. ही नवी नवरी असल्यासारखी पुढे पुढे. मला म्हणाली, अहो, खरंच आलात की! हिचा चेहरा असा मी गिरणीच्या उद्घाटनालाही पाहिला नव्हता. प्रयागतीर्थापर्यंत बोलत बोलत गेलो. तिथे हेडफोन लावला. पखवाज असा उतरला कानात की बस! पेगलवाडी मागे पडली ते कळलंसुद्धा नाही. त्यानंतरचं मात्र सगळं कळलं. आधी टाचा, मग पोटऱ्या, मग कंबर.
पहिन्याच्या अलीकडे भागीबाई नावाच्या बाईंची चहाची टपरी होती. बाकावर बसलो. गाद्या जरा वाळू द्याव्यात असा विचार होता, पण भजन रंगात आलं होतं, म्हणून काढला नाही. डोळे मिटले, मांडीवर ताल धरला. मध्ये एकदा डोळे उघडले तर ही समोर उभी राहून काहीतरी बोलत होती. मी हसलो, मान डोलावली. समेवर हात जरा मोठा पडला, इतकंच.
भजन संपलं. पाहतो तर ही नाही.
भागीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाई गेली ना फुडं, त्या निफाडच्या बायांच्या संगं. मी म्हणालो, मला न सांगता? त्या म्हणाल्या, सांगितलं की बाबा! दोनदा इचारलं, तुमाला जमत नसंल तं मी बी थांबते, आपण दोगं मागं फिरू. तुमीच हसून हात केला, जा जा म्हणून. लय बरं वाटलं बगा तिला. जाताना डोळं पुसत होती.
मी हेडफोन गळ्यात घेतला. एकदम केवढा आवाज! माणसं, पाणी, घोषणा, कुठे तरी टाळ. उठून निघालो. पुढच्या वळणापर्यंत गेलो. ती वाट चढाची होती.
एसटीने परत आलो.

१२ ऑगस्ट
ही काल दिवेलागणीला आली. पाय सुजले होते, तोंड मात्र थांबत नव्हतं. सून, दिशा, धनराज, दळणाला आलेल्या बायका, सगळ्यांना एकच सांगते. म्हणे, मी थांबतच होते, पण यांनीच पाठवलं. स्वतःचे पाय दुखत होते तरी हसून म्हणाले, तू जा, तुझी फेरी मोडू नको. असा नवरा मिळायला भाग्य लागतं! धनराजने माझ्याकडे पाहिलं. मी हेडफोनची घडी घालत होतो.
यात खोटं असं मी काहीच बोललेलो नाही. मुळात मी बोललोच नाही.

१३ ऑगस्ट
हिला फेरीत निफाडच्या चिमणाबाई भेटल्या. धाडोशीच्या उतारावर हिचा पाय घसरला तेव्हा त्यांनी हात धरला, तो त्र्यंबक येईपर्यंत सोडला नाही म्हणे. आज दोघींचा फोन झाला. पुढच्या वर्षी दोघी मिळून जायचं ठरलं. ही माझ्या पायांना तेल लावत म्हणाली, तुमच्या मागे उगाच लागत होते इतकी वर्षं. आता तुम्हाला त्रास नाही, सुटलात.
म्हणजे सुटलो. माणसाला आणखी काय हवं?

१८ ऑगस्ट, सकाळी ६
हिच्या पायांची सूज उतरली. आजपासून ही पुन्हा फिरायला जाणार, हे रात्रीच ऐकलं होतं. साडेचारला उठलो. बूट घातले. नाड्या दोनदा बांधल्या. हेडफोन कपाटात ठेवला आणि कपाट लावून घेतलं. दाराशी खुर्चीत बसून राहिलो.
ही आली. बत्ती लावली, मला पाहून दचकली. म्हणाली, अहो, एवढ्या पहाटे काय करताय इथे? झोपा की.
आणि हळूच दार ओढून घेऊन गेली, माझी झोप मोडू नये म्हणून.