मानपुरच्या त्या नोकरीबद्दल

प्रिय अहो,

इतकी वर्षं संसार केला, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. माहेरी गेले तरी चार दिवसांत परत. त्यामुळे मायना काय लिहावा इथेच दहा मिनिटं अडले. नाव मी तुमचं कधी घेतलं नाही, उखाण्यात घेतलं तेवढंच. आता या वयात कुठून घेऊ? म्हणून 'अहो'.

काल मला साठ पूर्ण झाली. आणि काल आपल्या मिलिंदने चाळीस माणसांसमोर तुमच्याबद्दल एक खोटी गोष्ट सांगितली. ती खोटी आहे हे त्याला माहीत नाही. मला माहीत आहे. तरी मी ऐकून घेतली आणि वर हसले. म्हणून आज दुपारी जेवण उरकून, दार लावून लिहायला बसले आहे.

आधी समारंभाचं सांगते, म्हणजे धीर येईल. मनीषाने, आपल्या सूनबाईने, कणकेचे साठ दिवे केले. मी म्हटलं, "अगं, निरांजनात दोन वाती पुरे. एवढी कणीक! आणि मला विधवेला कशाला ओवाळता?" तर म्हणे, "आई, माणूस रोज रोज साठ वर्षांचं होतं का? बस, गप्प बसा पाटावर." ऐकते थोडीच! दिवे विझू नयेत म्हणून सगळे पंखे बंद. चाळीस माणसं घामाने निथळतायत, आणि तुमची बहीण, विमलवन्सं, मागून ओरडतायत, "लवकर ओवाळ गं बाई, नाहीतर आमची शांत करावी लागेल!" तुम्ही असता तर किती हसला असता.

मग मनीषाने व्हिडिओ सुरू केला. "आई, साठ वर्षांत काय शिकलात, दोन शब्द सांगा ना."

मी काय सांगितलं माहितेय? "हिशोब नीट ठेवावा आणि देवावर भरवसा ठेवावा." टाळ्या पडल्या. मॅट्रिक झालेल्या बाईने चांगलं वाक्य टाकलं असं मला स्वतःलाही वाटलं.

तेवढ्यात मिलिंद उभा राहिला. त्याचं आता स्वतःचं मोबाइलचं दुकान आहे, बोलण्यात तयार झालाय. म्हणाला, "मिल बंद झाली तेव्हा हे घर आईने उभं ठेवलं. बाबा दोन वर्षं घरी बसून होते. हाताला काही काम लागतंय का, ते बघायलासुद्धा बाहेर पडले नाहीत. पण आईने कधी एका शब्दाने त्यांना टोचलं नाही." विमलवन्संनी डोळे पुसले. तुमची सख्खी बहीण, आणि मान हलवत होती!

मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पाटावर बसले होते, गळ्यात हार, समोर साठ दिवे. मी हात जोडले आणि हसले. अहो, असं कसं हसले हो मी?

पहिल्यापासून आठवते आहे सगळं. आधी ले-ऑफ लागला, मग फाटकाला कुलूप. तुम्ही फोल्डिंग खात्यातले हेडक्लार्क. तयार कापडाचा ताका न ताका तुमच्या नजरेखालून जायचा. मिल बंद झाल्यावरही तुम्ही रोज इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी जाऊन उभे राहायचात, बाकीचेही यायचे. अकरा वाजता परत. मला ते बघवेना. मग एका बुधवारी मी खजराण्याच्या गणपतीला गेले आणि देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढलं. इच्छा पूर्ण झाली की जाऊन सुलटं काढायचं, हे तर इंदुरात शेंबड्या पोरालाही माहीत. मी मागितलं, मिल सुरू होऊ दे.

त्यानंतर महिनाभराने यादवजी आले. तुमच्याच मिलमधले, विणाई खात्यातले. मल्हारगंजातल्या आपल्या ओट्यावर बसले, चहा बशीत ओतला आणि मला आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भाभीजी, मेरे साढू का ढाबा है मानपुर में, हायवे पे. चलता ढाबा है. उसको गल्ले पे ईमानदार आदमी चाहिए. मैंने कहा, फोल्डिंग वाले साब से ईमानदार कौन?" राहणं-जेवणं तिथेच, रविवारी घरी. पगार मिलपेक्षा कमी, पण पगार.

तुम्ही आत आलात. किती दिवसांनी तुमच्या चेहऱ्यावर रंग होता. "सरकार, काय म्हणता? जाऊ?"

मी काय म्हणाले ते शब्द न् शब्द आठवतंय.

"मी मिल सुरू व्हायचा नवस बोललेय. आता मधेच तुम्ही दुसरीकडे चिकटलात तर देवाला काय वाटेल? ह्यांना भरवसाच नाही म्हणून?"

"अगं, पण तू मिलच का मागितलीस? काम मागायचं ना!"

"आता मागितलं ते मागितलं. देवाशी बोलणं फिरवायचं नसतं."

"म्हणजे गणपती मिल उघडेपर्यंत मीही बसायचं," तुम्ही म्हणालात. "त्याच्यासमोर निदान मोदक तरी असतात."

मी चिडले. देवाची थट्टा करता म्हणून दोन दिवस अबोला धरला. तुम्ही यादवजींना सांगून टाकलंत की घरात जरा अडचण आहे. ते म्हणाले, "कोई बात नहीं, जगह रोक लेंगे." तो भला माणूस तीनदा आला हो! तिसऱ्या वेळी तर बसलाही नाही, ओट्याखालीच उभा राहिला. "साब, अब साढू भी कितना रुकेगा?" तिन्ही वेळा मी चहा दिला आणि परत पाठवला.

आता खरं लिहिते. नवस खरा होता, पण कारण तो नव्हता.

त्या संक्रांतीला महिला मंडळाच्या हळदीकुंकवात मी एक विनोद केला होता. तुमच्याच मिलमधल्या देशपांड्यांनी पोह्यांची गाडी लावली होती. मी म्हटलं, "आता खात्यातले लोक येऊन म्हणत असतील, साहेब, जरा सेव जास्त टाका!" अख्खी खोली हसली. देशपांडेबाई दाराशी चपला काढत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. तिळगूळ घेतला आणि लवकर गेल्या.

मग माझा नवरा हायवेच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांकडून पैसे घेत बसला, तर तीच खोली कशी हसेल, ते मला ऐकू येत होतं. हसणं मीच शिकवलं होतं ना! मला भीती देवाची नव्हती. मला त्या बायकांची होती. पण बायकांना भिते असं नवऱ्याला कसं सांगणार? म्हणून देवाला पुढे केलं. रोज त्याच्यासमोर दिवा लावते, अथर्वशीर्ष म्हणते, आणि माझी लाज झाकायला त्यालाच पांघरूण केलं. यापरती नास्तिक बाई कुठे असेल का?

त्याच जूनमध्ये मिलिंदला उज्जैनच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली. आपण पाठवू शकलो नाही. पोरगा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर बसायला लागला. एकदा संध्याकाळी तो तुमच्यावर ओरडला, आठवतं? "सगळ्यांचे बाप काही ना काही करतायत. तुम्ही काहीच का करत नाही हो बाबा?"

मी तांदूळ निवडत होते. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत, फक्त एकदा. मी मान वर केली नाही. सुपात खडे नव्हते, तरी शोधत राहिले.

"बघतोय रे," तुम्ही म्हणालात.

बस, एवढंच! का नाही सांगितलंत हो? "विचार तुझ्या आईला," एवढे तीन शब्द. थोडा राग मला तुमचाही येतो. एकदा भांडायचं होतंत. ताट ढकलायचं होतंत. तुम्ही गप्प राहिलात, मी गप्प राहिले, आणि आपल्या दोघांच्या गप्प बसण्यातून पोराने स्वतःच एक बाप तयार केला, हिंमत हरलेला. तोच बाप काल त्याने सगळ्यांना दाखवला.

दीड वर्षाने घरातला डबा डबा तळाला गेला, तेव्हा मीच म्हणाले, "जाऊन तर या मानपुरला." तुम्ही सकाळच्या बसने गेलात. दिवेलागणीला परत. हातात पिशवी. "जागा भरली," तुम्ही म्हणालात. "पण सीताफळं मात्र काय सुंदर आहेत तिकडची!"

आणि मी विचारलं, "केवढ्याला दिली?"

अहो, माणूस कुठून येऊन उभा आहे, कसा आला असेल त्या बसमध्ये, आणि मी सीताफळांचा भाव विचारते! तुम्ही भाव सांगितलात. मी म्हटलं, महाग दिली. तुम्ही ओट्यावर बसून एक फळ सोललंत आणि निम्मं मला दिलंत.

मग जुन्या इंदुरातल्या किराणा दुकानात तुम्हाला हिशोब लिहायचं काम मिळालं, आणि शेवटपर्यंत तेच केलंत. मिलिंद त्याला काम म्हणतच नाही. तुम्ही आजारी पडलात तेव्हा त्याने सगळं केलं, डॉक्टर, औषधं, रात्रंदिवस. पण तुमच्याशेजारी बसून बोलला नाही. मी बघत होते. एका वाक्याने तो बसला असता. तेव्हाही नाही बोलले. तुम्ही गेल्यालाही पाच वर्षं झाली.

मिल उघडली नाहीच. मागे एकदा मी खजराण्याला माझं ते स्वस्तिक शोधायला गेले. त्या भिंतीवर शेकडो, एकावर एक. माझं कुठलं, काय कळणार? बरीच वर्षं मी मनात म्हणत होते, देवाने माझं ऐकलं नाही. आता वाटतं, ऐकलं असेल. मला हवं होतं तसं नाही, पण ऐकलं. यादवजी काय उगीच आले होते तीनदा? श्रद्धा माझी गेली नाही हो, उलट आता जास्त धाक वाटतो. मागणं मागून झाल्यावर हात जोडून गप्प बसायचं असतं. मी वर त्यालाच नियम घालून दिले, की असंच दे, ह्याच दाराने दे. साठ वर्षांत काय शिकले, तर हे. काल व्हिडिओत हे सांगायला हवं होतं. तिथे मी हिशोब आणि भरवसा सांगून टाळ्या घेतल्या. त्या टाळ्यांतल्या निम्म्या तुमच्या पाठीवर पडल्या.

इथवर लिहून मी उठले आणि मिलिंदला फोन केला.

"काय गं आई, तब्येत ठीक ना? काल दगदग झाली तुला."

"तब्येतीला काही नाही झालं. तू संध्याकाळी ये. एकटा ये."

"मनीषाचं काही बोलणं झालं का?"

"नाही रे, ती गुणाची आहे. बाबांबद्दल बोलायचंय."

मग म्हणाला, "बाबांबद्दल आता काय राहिलंय?"

"सगळंच," मी म्हटलं.

सहापर्यंत येतो म्हणाला.

तर अहो, ऐका. शब्द देते. सांगताना देवाचं नाव घेणार नाही. "तेव्हा परिस्थितीच तशी होती रे" असं म्हणणार नाही. नोकरी घरी चालून आली होती, तुझे बाबा एका पायावर तयार होते, मी अडवलं, आणि लोक हसतील म्हणून अडवलं, असं सरळ सांगेन. तुझं उज्जैन त्यातच गेलं, हेही सांगेन. विमलवन्संना मी स्वतः जाऊन सांगेन, ते मिलिंदच्या गळ्यात घालणार नाही. आणि देशपांडेबाई अजून आहेत, मुलाकडे राहतात. त्यांच्याकडेही जाईन. त्यांनी तो विनोद ऐकलाच नसेल, तर ऐकवून माफी मागेन.

मिलिंद चिडेल. तुम्ही होतात तोवर चौदा वर्षं तुमच्यावर चिडला, तो राग खरं तर माझ्या वाट्याचा होता. तुम्ही सांभाळलात, आता माझा मला घेऊ द्या. कदाचित ऐकून उठून जाईल. गेला तर जाऊ दे. मी मागून हाक मारणार नाही, रडून दाखवणार नाही, शप्पथ घालणार नाही. घरातून निघालेल्या माणसाला एकदा थांबवलंय मी.

तुमची,
सुमन