पिवळं फुलपाखरू आणि बांधावरची ओल

निमोणे, ता. शिरूर
मार्च २००३

तीर्थरूप दाजींच्या सेवेशी, हनुमंताचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे आमच्यावर डोळा ठेवून असलेल्या माणसांच्या शेजारी राहून जितकं बरं राहता येतं तितके. तुमचा गुडघा काय म्हणतो? आक्काचा खोकला गेला का? (तुमच्या त्या डॉक्टरवर फार विसंबू नका. मागं मी सोबत आलो होतो तेव्हा ते आक्काची नाडी धरून खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काहीही नव्हतं, मी उठून पाहिलं.) पूनम सुखरूप पोचली असेलच. पत्रास कारण तीच आहे.

कॉलेजच्या कामासाठी पिवळ्या फुलपाखराचे फोटो काढायचे आणि ते नेमकं कोणतं ते ओळखायचं, असं सांगून तुम्ही तिला आमच्याकडं धाडलंत. मी ऐकून घेतलं. पण दाजी, ते फुलपाखरू दौंडातही आहे. तुमच्या रेल्वे क्वार्टरच्या मागं गवतात पाहिजे तेवढी उडतात, मी स्वतः पाहिली आहेत. मग माझंच शेत कशाला? म्हणून सुरुवातीला मी भाचीच्या मागं मागं हिंडलो. (तिला वाटलं मामा उन्हाची काळजी करतो. मी तसंच वाटू दिलं.) नंतर खात्री पटली की पोरगी साधी आहे, लबाड असेल तर ते फुलपाखरू.

त्याचं वागणंच मला पटलं नाही. उडताना पंख उघडे टाकून सगळ्या शिवारात मिरवतं आणि बसलं की गच्च मिटून घेतं. पूनमला हवी होती पंखाच्या वरच्या बाजूची काळी किनार, आणि ती नेमकी आत. खालच्या बाजूला बारीक ठिपके असतात, ते मोजून म्हणे नाव ठरतं. कारण अगदी तस्सेच दिसणारे त्याचे आणखी भाऊबंद आहेत. म्हणजे भावकी तिथंही सुटलेली नाही. पोरीनं पोटावर सरपटत जावं, कॅमेरा डोळ्याला लावावा आणि यानं हातभर पुढं जाऊन बसावं. निम्मा रोल नुसत्या गवतावर गेला. ज्याला लपवायचं काही नाही तो असा वागत नाही.

भावकीवरून आठवलं. माझे चुलतभाऊ आप्पा तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांचं शेत माझ्या बांधापलीकडं, घरही तिथंच, आणि बांध रात्रीतून माझ्या बाजूला सरकतो असा मला दाट संशय आहे. म्हणून दिवाळीपासून मी रोज पहाटे मोठा तांब्याभर चहा पिऊन बांधाच्या कोपऱ्यावर पहाऱ्याला उभा राहतो, चांगलं उजाडेपर्यंत. (बांध अजून सरकलेला नाही. माझ्या पहाऱ्यामुळंच.) दोन्ही घरांत बोलणं बंद आहे, त्यामुळं आमच्या सौ. गिताबाईला आप्पांच्या विहिरीवर जाता येत नाही. ती ओढ्यापलीकडून हंडे आणते आणि आल्यावर बराच वेळ मान धरून बसते. मला ते बघवत नाही, पण आप्पांपुढं तोंड वेंगाडणंही जमत नाही. माझी बोअर दोनदा कोरडी गेली. आता शेवटची एकदा घ्यायची, तर जागा चुकून चालणार नाही.

आणि अशातच पूनमनं हाक मारली, "मामा, हे बघा!" बांधाच्या कोपऱ्यावर, जिथं गवताची काडी नाही अशा ठिकाणी, माती ओली आणि त्यावर पिवळ्या फुलपाखरांचा थवा, सोंडा मातीत खुपसून. आमच्या वडलांनी मेंढरांमागं जन्म काढला. मेंढरू हुंगत थांबलं की ते तिथं झिरा उकरायचे आणि पाणी लागायचं. मुकं जित्राब खोटं बोलत नाही, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पूनम खुशाल फोटो काढत सुटली आणि मी हिशेब करायला लागलो. मार्चच्या उन्हात वरपर्यंत ओल, मग खाली केवढं पाणी असेल! मी तिला तोंडावर बोट ठेवायला लावलं आणि जागेवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून ती झाकली. आप्पा पलीकडून बघत होते. ते हसले. का हसले, हे मला कळलं नाही.

तरी दाजी, रोल धुवायला टाकला असेल तर फोटो तुम्ही स्वतः जाऊन आणा. स्टुडिओवाला आप्पांच्या सुनेच्या गावचा निघू शकतो. बोअर पाडायची रिग मी सांगून ठेवली आहे, ती येईपर्यंत कुणाच्या नजरेला पडता कामा नयेत. आक्काला नमस्कार.

आपला,
हनुमंत

ता. क. – पत्र अजून टाकलेलं नाही. (इथला पोस्टमन आप्पांच्या ओट्यावर चहा घेतो. शिरूरला जाईन तेव्हा टाकीन.) दरम्यान पूनमचा एसटीडीवर फोन आला. फोटो आले, ठिपके मोजले. सरांनी सांगितलं, अगदी साधं, कुठंही सापडणारं फुलपाखरू. पुढं म्हणाली की ती तिथं पाण्यासाठी जमत नाहीत, मातीतल्या क्षारांसाठी जमतात. "मामा, तिथं रोज कुणी लघवीला जातं का हो?" लाइन खराब आहे असं सांगून मी फोन ठेवला. रोज पहाटे, तांब्याभर चहा, उजाडेपर्यंत उभं राहणं. पुढचं तुम्ही समजून घ्या. एका फोटोत फुलपाखरांच्या मागं मी पाठमोरा, धूसर उभा आहे म्हणे. तेवढा एक कॉलेजात जाऊ देऊ नका. आणि रिग मी रद्द केली.

आणखी ता. क. – आप्पांनी रिग आणली! माझ्या जागेपासून जेमतेम चार हातांवर, बांधाच्या त्यांच्या अंगाला. मला वाटलं, फसले, फुलपाखरांवर गेले. मी घरात बसून हसत होतो, तोवर बाहेर आरडाओरडा झाला. पाणी लागलं, दाजी. भरपूर लागलं. संध्याकाळी आप्पा पाइपाचं भेंडोळं खांद्यावर घेऊन माझ्या दारात आले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. म्हणाले, "जागा पाणाड्यानं दिवाळीतच दावली व्हती. तू रोज पहाटं तिथं का हुबा ऱ्हातो ते आमच्या आख्ख्या घराला ठावं हाय. ही नळी घे. गिताबाई लांबनं हंडे आणती, बघवत न्हाई." एवढं बोलून गेलेसुद्धा. चहालाही थांबले नाहीत.

शेवटचं ता. क. – रात्रभर विचार केला. हे कारण मला पटलेलं नाही. माणूस असं उगाच पाणी देत नाही. आप्पांना काय पाहिजे ते काढून घ्यायला तुम्हीच या; तुमच्यापुढं ते खोटं बोलणार नाहीत. गिताबाईला हे बोललो तर तिनं नळीखाली हंडे धुतले आणि शिडी लावून माळ्यावर पालथे घातले. म्हटलं, खाली काढायची वेळ येईल. त्यावर ती शिडी उचलून बांधापलीकडं आप्पांच्या घरी देऊन आली. शिडी त्यांची होती, हे मला आजच कळलं. आमच्याकडं ती गेल्या वर्षापासून आहे, आणि आप्पांनी एकदाही परत मागितली नाही.