वारसाच्या नोंदीखालची सही

इंदिरानगर, नाशिक

अण्णा,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसले. आजोबा कूळ म्हणून कसत होते त्या जमिनीच्या कागदांसाठी कचेरीत चार हेलपाटे झाले. जुना सर्व्हे नंबर नेला की नवा गट नंबर मागतात, नवा नेला की जुना. काल एकदाची वारसाची नोंद सापडली.

आत्याचं नाव तलाठ्यानं गाळलं, असं तुम्ही जन्मभर सांगत आलात. त्या माणसाला मी किती शिव्या घातल्या. नोंदीत तुमचा जबाब आहे, ‘मयताला मुलगी नाही.’ खाली तुमची वळणदार सही.

आता हे पत्र टाकू कसं? तुमची नजर गेल्यापासून तुमचं टपाल आत्याच वाचून दाखवते.

तुमची,
भाग्यश्री