मैनेची उजवी मूठ

गुरुवार, २२ नोव्हेंबर १९३४

सोमवारी या वहीत लिहिलं ते चूक आहे. खोडत नाही, तसंच राहू दे. लिहिलं होतं — "तिसरीतली मैना उद्धट. उशिरा आली. उजवा हात पुढे कर म्हटलं तर मूठ वळून उभी! उघडेना, म्हणून मुठीवरच दोन छड्या दिल्या."

ती मूठ उघडतच नाही. आज मधल्या सुट्टीत नीट पाहिली. चारही बोटं तळव्याकडे ओढलेली, मध्ये चकाकणारी घट्ट कातडी. एक बोट हळूच ओढून पाहिलं, तर हसली — "बाई, दार नाय ते!"

मैना डाव्या हाताने लिहिते, तेही मी उद्धटपणातच धरलं होतं.

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "घराण्यात शिकलेली पहिली तू. आता जेवायलाही शिकवू काय?"

शनिवार, २४

मांडवीला मैनेच्या घरी गेले. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. तिची आई गंगुबाई अंगणात सुकी मासळी उलथत होती. तिने बसायला पाट दिला! तिने सांगितलं, मैना दोन वर्षांची असताना उकळत्या पेजेत हात पडला. फडकं गुंडाळून ठेवलं, आणि भाजलेलं बरं झालं ते मुठीतच. "चिंचोके लपवते त्यात. चोराला पण गावायचे नाय!" मायलेकी खो खो हसल्या. मीही हसले. मग हसले याचीच लाज वाटली.

छडीचं बोलले नाही. तेही लिहून ठेवते.

मंगळवार, २७

दोघींना घेऊन इस्पितळात. डॉक्टर म्हणाले, "आपोआप सुटायची नाही. तेलाने नाही, ओढून तर नाहीच. कापून मोकळी करायची, मांडीची कातडी लावायची, मग दोन महिने हात फळीला बांधून ठेवायचा. नाताळाआधी आणा. आत सांधे धरले तर मग माझ्या हातात काही नाही."

मैनेने विचारलं, "मांडीची कातडी लावलीत तर हात मांडी घालून बसेल?"

बुधवार, २८

गंगुबाई तयार! "नवरा बोटीवर, त्याला कुठं विचारू? मी आय हाय ना तिची?" आज दोनदा भात घेतला.

शुक्रवार, ३०

मैनाच नको म्हणते.

"भीती वाटते?" "नाय." "दुखेल म्हणून?" "नाय ओ." अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, "मुठीवर कमी लागते, बाई. तळव्यावर जास्ती. बाजूच्या कमळीला छडी बसते तेव्हा बघते ना मी."

शाळेच्या मोठ्या बाईंना सांगितलं, छडी बंद करू या. म्हणाल्या, "छडीवाचून तिसरीचा वर्ग तासभर सांभाळून दाखवा, मग बोलू!"

शनिवार, १ डिसेंबर

छडी माझी स्वतःची आहे. शाळेची नाही, खात्री करून घेतली. सगळ्या वर्गासमोर मैनेची माफी मागणार आणि छडी तिच्या डाव्या हातात देणार — मोड म्हणणार. एका हाताने मोडायची नाही. दुसरं टोक मी धरीन.

हे करायचं सोमवारी, ता. ३ डिसेंबर. प्रार्थना झाल्याबरोबर.